बागेचा सल्ला : थंडीत पपई-केळी कशी जगवायची?

प्रश्न : आमच्या परसात पाच पपया आणि दोन केळी आहेत. गेल्या जानेवारीत पारा 5 अंशांखाली उतरला तेव्हा पपईचे शेंडे उकडल्यासारखे होऊन काळे पडले आणि केळीचा घड बाहेर येता येता बुंध्यातच अडकला. रोज संध्याकाळी शेकोटी करत होतो, तरी असे का झाले? – एक वाचक, निफाड

उत्तर : शेकोटीची वेळ चुकली. कडाक्याची थंडी असते ती उजाडायच्या आधी, आणि संध्याकाळी पेटवलेली शेकोटी तोवर केव्हाच राख झालेली असते. पहाटे तीनच्या सुमारास, बागेच्या कडेने चार-पाच लहान शेकोट्या करा. एकच मोठा जाळ केला तर ऊब सरळ वर निघून जाते आणि बाजूची गार हवा आत ओढली जाते. ओला पाला जाळून नुसता धूर करण्यात अर्थ नाही, कारण झाडाला उपयोग होतो तो उबेचा.

त्याहून स्वस्त उपाय पाण्याचा. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर त्या दिवशी सकाळीच पाणी द्या. ओली जमीन दिवसभर ऊन साठवते आणि रात्री सोडते. एरवी उपयोगी पडणारे उसाच्या पाचटाचे आच्छादन तेवढ्या दिवसांपुरते बाजूला ओढा, नाहीतर जमिनीतली ऊब खालीच अडकते. पपईला मात्र दुहेरी आळे करा, म्हणजे बुंध्याभोवती मातीचे आतले कडे आणि पाणी त्याच्या बाहेरच्या आळ्यात. पाणी बुंध्याला लागले की बुंधा सडतो, आणि त्याचा दोष मग थंडीवर जातो!

लहान रोपांवर रात्री गोणपाट टाका. चार काठ्या रोवून ते पानांना न टेकता जमिनीपर्यंत सोडा आणि ऊन आले की काढा. ऑक्टोबरनंतर युरिया बंद, कारण त्याने फुटणारी कोवळी पालवीच आधी करपते. करपलेला शेंडा लगेच छाटू नका. फेब्रुवारीअखेर नवी फूट कुठून येते ते दिसले की तिथवर कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप लावा (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी).

केळीचे गणित वेगळे आहे. जूनमध्ये लावलेली केळी सात-आठ महिन्यांनी, म्हणजे नेमकी थंडीत निसवते (तिचा घड बाहेर पडू लागतो). गारठ्यात दांड्याची वाढ मंदावते, म्हणून घड अडकतो. पुढचे पील (बुंध्याशेजारी फुटणारे नवे रोप) फेब्रुवारीअखेर धरा, म्हणजे त्याचा घड थंडीआधी बाहेर येईल. निसवलेल्या घडावर सच्छिद्र पॉलिथिन पिशवी चढवा.

प्रश्न : दोन वर्षांच्या केशर आंब्याला झाकायचे का? – एक वाचक, दिंडोरी

उत्तर : हो. तुराट्यांची खोपटी करा आणि आग्नेयेची बाजू उघडी ठेवा, म्हणजे सकाळचे ऊन आत येईल. मोठ्या झाडाला एवढा खटाटोप नको.

प्रश्न : गच्चीवर ड्रममध्ये रामबुतान (लिचीसारखे केसाळ फळ) येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्याला बारमाही दमट ऊब लागते. नाशिकचा गारठा आणि कोरडा उन्हाळा, दोन्ही त्याला सोसत नाहीत. त्याच ड्रममध्ये पेरू लावा.