माझ्या नावात तू कशाला?

चि. निनाद,

परवा युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरताना तू मान वर न करता विचारलंस, "बाबा, हे मधलं नाव तर तुझं आहे. माझ्या नावात तू कशाला?" मी "आपल्यात तसंच असतं" म्हणून चहा टाकायला उठलो. खरं सांगू, जरा लागलंच.

जूनमध्ये नव्या वह्या आल्या की दादा, म्हणजे तुझे आजोबा, त्यांना ब्राऊन पेपरची कव्हरं घालायचे. नखाने कड दाबायची, कोपरे आत दुमडायचे, मग लेबल. माझं नाव, त्यांचं नाव, आडनाव. स्वतःच्या नावापाशी आले की त्यांचं अक्षर थोडं टपोरं व्हायचं. वर्गात दंगा केला की मास्तरही पूर्ण नावानेच हाक मारत, म्हणजे मार मला आणि उद्धार दोघांचा! तेव्हा मलाही हे नाव नकोसं व्हायचं.

आमच्या घरी वि. स. खांडेकर म्हणजे दैवत. कोल्हापुरात ते दादांच्या डोळ्यांसमोरचे. त्यांचं नाव जन्मापासून हे नव्हतं. 1898 साली सांगलीत जन्मले ते गणेश आत्माराम खांडेकर. वडील लहानपणीच गेले. पुढे कॉलेजच्या वयात सखाराम खांडेकरांकडे दत्तक गेले आणि गणेशचा विष्णू झाला, आत्मारामच्या जागी सखाराम आला. आडनाव तेवढं राहिलं. पुण्यातलं फर्ग्युसन सुटलं, कोकण नशिबी आलं. 1920 पासून 1938 पर्यंत शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केली. मिठागरांचं, गरिबीचं गाव ते. पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' 1930 ची, म्हणजे शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला त्याच साली. मग 'उल्का', 'दोन ध्रुव'. मास्टर विनायकांसाठी चित्रपटकथा लिहिल्या आणि कोल्हापूरला आले. हे सगळं त्या बदललेल्या नावावर. पुस्तकांवर सखाराम फक्त 'स.' पुरता उरला, आणि आत्माराम तर कुठेच नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं, का ते सांगता येत नाही.

1959 मध्ये 'ययाति' आली. साहित्य अकादमी मिळालं, 1974 चं ज्ञानपीठही, मराठीतलं पहिलं. दादांनी पेढे वाटले होते, जणू घरचंच कुणी पास झालं! तोवर खांडेकरांची दृष्टी गेली होती, सांगून लिहून घेत. 1976 साली गेले.

'ययाति'ची गोष्ट तुला माहीत आहे: शापाने म्हातारा झालेला राजा मुलाकडे तारुण्य मागतो आणि पुरू देऊन टाकतो. कॉलेजात वाचली तेव्हा मी देवयानी-शर्मिष्ठेत अडकलो होतो. परवा रात्री पुन्हा चाळली. ययाति स्वतः बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. पुरूला मात्र स्वतःच्या तोंडाने एकही प्रकरण नाही. ज्याच्याकडून मागितलं, त्यालाच कुणी विचारलेलं नाही. दादा हयात असते तर यावरून आमची जुंपली असती. ते म्हणाले असते, पुरूला बोलायची गरजच नाही, तो करून दाखवतो. मला हे पूर्वी पटायचं. आता तितकंसं पटत नाही.

तुझ्या आईने लग्नानंतर तिचं मधलं नाव बदललं नाही. आजीला ते बरेच दिवस खुपलं, मला मुळीच नाही. मग तुझ्याच बाबतीत का खुपावं? यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. आणि तिचं नाव तुझ्या नावात कुठेच नाही, हे तिने अजून तरी बोलून दाखवलेलं नाही.

ठेव किंवा काढ, तू मोठा आहेस. फक्त पासपोर्टवरच्या नावाशी जुळतंय ना, तेवढं बघ. 'ययाति' मराठीतून जड जाईल, इंग्रजीत मिळते. वाचलीस तर पुरूपाशी आलास की फोन कर. नाही वाचलीस तरी कर, आई वाट बघत असते.

तुझा,
बाबा