मृत्युपत्र एकदा केलं की पुन्हा कधी बघायचं?

दर किती वर्षांनी मृत्युपत्र तपासावं, असं तुम्ही विचारलंय. वर्षं कसली मोजताय? त्यात लिहिलेलं माणूस किंवा घर बदललं की लगेच.

माझ्या बाबांनी 2009 साली रीतसर नोंदवलेलं मृत्युपत्र केलं. ठाण्यात नौपाड्यातला ब्लॉक नं. 7 मला, जवळच ऐरोलीचं घर दादाला, बँकेतल्या ठेवी आईला. 2014 ला आई गेली. 2017 ला इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि पुढे बाबांना अकराव्या मजल्यावर 1103 मिळाला. मी म्हणत होते, कागद नव्याने करू या. दादाचं एकच पालुपद, "बाबांना असलं विचारणं अभद्र दिसतं."

2021 ला बाबा गेले. मृत्युपत्र गोदरेजच्या कपाटात, लाइट बिलांच्या फायलीत सापडलं. त्यात 7 वर निळ्या बॉलपेनने काट आणि शेजारी थरथरत्या अक्षरात 1103. म्हणजे माझं ऐकलं होतं त्यांनी! मला तिथेच रडू फुटलं. पण खाली ना सही, ना साक्षीदार. अशी खाडाखोड कायदा धरत नाही. आणि तोच दादा म्हणाला, "ब्लॉक नं. 7 तर आता अस्तित्वातच नाही." म्हणजे 1103 मध्ये त्यालाही वाटा हवा. त्या वर्षी ऐरोलीला राखी कुरिअरने गेली. नौपाड्यातून!

ठेवींवर नॉमिनी दादा, म्हणून त्या सगळ्या आपल्याच, असंही त्याचं म्हणणं. नॉमिनी नुसता राखणदार असतो हो. आई आधीच गेल्यामुळे त्या आम्हा दोघांत निम्म्या व्हायच्या. शेवटी माझा निम्मा वाटा मी सोडला, त्याने फ्लॅटचं हक्कसोडपत्र करून दिलं.

तेव्हा लग्न, घटस्फोट, नातवंड, कुणाचं जाणं, घराची खरेदी-विक्री, रिडेव्हलपमेंटचा करार, यातलं काहीही झालं की कागद बाहेर काढा. साक्षीदार वारला तरी काढा. पेनने दुरुस्त्या करू नका. नवीन करा, त्यात 'आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द' असं लिहा आणि दोन साक्षीदार तुमच्याहून तरुण घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण कराच.

मी वकील नाही, हेही सांगते. आणि हे सगळं हिंदूंपुरतं; ख्रिस्ती किंवा पारशी असाल तर लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं.

दादाने स्वतःचं अजून केलेलं नाही. दिवाळीत वहिनीने विषय काढला, तर म्हणाला, "सणासुदीला अभद्र बोलू नकोस."