कोलंबसहून, हरलेल्या शनिवारनंतर

कोलंबस, 3 डिसेंबर 2024

बाळा,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू निघून गेलास तेव्हा तुझी मिसळीची वाटी सोफ्याशेजारी अर्धीच राहिली होती. फोन करणार होते, पण फोनवर मी भराभरा बोलते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहितेय.

ऑगस्टमध्ये तू पहिल्यांदा घरी आलास तेव्हा टेबलावर मिठाची आणि मिरपुडीची डबी मांडून मी तुला अमेरिकन फुटबॉलमधलं फर्स्ट डाउन समजावलं होतं, म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. आणि गेल्या आठवड्यात तूच मला आपल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवरच्या पाट्यांचे फोटो पाठवत होतास, प्रतिस्पर्धी मिशिगनचं अक्षर म्हणून प्रत्येक ‘एम’वर लाल पट्टी मारलेले. मला खरंच आनंद झाला. परमुलखात माणूस कशाला तरी ‘आपलं’ म्हणायला लागला की त्याचा जीव रमतो. शनिवारी आपण मिशिगनकडून सलग चौथ्यांदा हरलो, तेही 13-10 असे, घरच्या मैदानावर. मलाही त्या रात्री झोप लागली नाही.

पण आपल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकून डाव चालवणाऱ्या विल हॉवर्डला तू जे बोललास, आणि मग त्याच्या इन्स्टाग्रामवर लिहून जे मला कौतुकाने दाखवलंस, ते मला पटलं नाही. त्यात त्याच्या आईचं काय काम होतं?

तो वाईट खेळला, हे मान्य. दोन इंटरसेप्शन, म्हणजे त्याचे दोन पास समोरच्यांनीच पकडले. पहिल्याने तर मिशिगनला आपल्या गोलरेषेपासून दोन यार्डांवर चेंडू मिळाला. तो पास टाकायलाच नको होता, असं तू म्हणाला असतास तर मी मान डोलावली असती. पण तू फक्त चेंडूकडे बघत होतास. त्याला वाचवायला पुढे उभ्या असणाऱ्या पाच जणांकडे बघितलंस का? त्यांतल्या डाव्या टोकाच्या लेफ्ट टॅकल जॉश सिमन्सचा गुडघा ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनच्या सामन्यात गेला. मधल्या सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिनची टाचेची शीर गेल्या महिन्यात सरावात गेली. या दोघांमधल्या गार्डला टॅकलच्या जागी उभं करून वेळ मारून नेताहेत, आणि समोर मिशिगनचे बचावपटू मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट! आपण 26 वेळा चेंडू घेऊन धावलो आणि मिळाले 77 यार्ड. धावता येत नाही म्हटल्यावर समोरच्यांना एकच काम उरतं, क्वार्टरबॅकला गाठायचं. खांबांमधून लाथेने मारायचे दोन फील्ड गोल हुकले, दोन्ही चाळीस यार्डांच्या आतले. (आता कृपा करून किकरच्या मागे लागू नकोस.)

यंदापासून हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, तेव्हा ‘आता काय अवघड आहे’ असं तू म्हणालास. अरे, डाव सुरू करायच्या घड्याळावर, म्हणजे प्ले-क्लॉकवर, 15 सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. त्यानंतर समोरच्यांनी जागा बदलल्या, कोण धावून येणार आणि कोण मागे सरकणार, हे त्याचं त्याने ओळखायचं. स्नॅप, म्हणजे सेंटरने मागे दिलेला चेंडू, हातात आल्यावर तर जेमतेम तीन सेकंद. आपण सोफ्यावर बसून रिप्ले चार वेळा बघतो आणि मग म्हणतो, ‘तो मोकळा होता की!’

आता काइल मॅकॉर्डचं सांगते, तेव्हा तू इथे नव्हतास. 2023 मध्ये तो आपला क्वार्टरबॅक होता. नोत्र दामच्या मैदानावर तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, 19 यार्ड हवे होते, तेव्हा त्याने आपल्या एगबुकाला पास दिला आणि आपण एक सेकंद उरलेला असताना चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन, म्हणजे टचडाउन करून, 17-14 जिंकलो. हा आमचा हॉल त्या रात्री दणाणला होता. मोसमात 24 टचडाउन पास, सहा इंटरसेप्शन, 12 पैकी 11 सामने जिंकलेले. हरला तो एकच, मिशिगनशी, 30-24. शेवटच्या 25 सेकंदांत, फेकताना अंगावर माणूस आलेला, आणि चेंडू त्यांच्या हातात. झालं. त्या एका चेंडूवर गावाने त्याचा निकाल लावला. दीड आठवड्याच्या आत तो ट्रान्स्फर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत होता आणि पुढे सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीला गेला.

तू शनिवारी थांबला असतास तर बघायला मिळालं असतं. आपला सामना संपल्यावर मी चॅनल बदललं. सिरॅक्यूज मायामीविरुद्ध 21-0 ने मागे होतं, आणि 42-38 ने जिंकलं. मॅकॉर्डने साडेतीनशेहून जास्त यार्ड टाकले. मी एकटीच बघत होते. टाळ्या वाजवल्या, आणि मग मला लाज वाटली. कारण गेल्या वर्षी ‘हा मुलगा आपल्याला झेपणारा नाही’ असं मीही चारचौघांत म्हणाले होते.

माझा मुलगा दहावीत शाळेच्या ज्युनिअर टीमचा क्वार्टरबॅक होता. एका गुरुवारी भर पावसात त्याच्या हातून दोनदा चेंडू निसटला. माझ्या मागच्या बाकावरचे एक गृहस्थ ओरडत होते, ‘काढा त्या पोराला बाहेर.’ आणखीही बरंच. मी मागे वळले नाही, छत्रीचा दांडा घट्ट धरून बसले. घरी येताना गाडीत बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, ‘आई, तू ऐकलंस का गं ते?’ मी नाही म्हणाले.

तू म्हणशील, यांना आता पैसे मिळतात. मिळतात, 2021 पासून नाव आणि चेहरा वापरू देण्याचे रीतसर मिळतात. त्या पैशांत त्याच्या खेळावर बोलायचा हक्क येतो, कर खुशाल टीका. आणि तू फोनवरून लावलेले ते वीस डॉलर? ओहायोत खेळांवरचं कायदेशीर बेटिंग सुरू झालं 2023 च्या जानेवारीत. कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या कामगिरीवरची पैज तर यंदा मार्चपासून इथे बंदच केली, कारण हरलेली माणसं या पोरांना धमक्या द्यायला लागली होती. ते वीस डॉलर हॉवर्डने तुझ्याकडून उसने घेतले नव्हते. हॅरी मिलरचं नाव ऐकलं आहेस का? आपल्याच त्या पुढच्या लाइनमधला, इंजिनिअरिंगचा हुशार विद्यार्थी. 2022 च्या मार्चमध्ये आत्महत्येचे विचार येत होते हे उघडपणे सांगून त्याने खेळ थांबवला. हेल्मेटच्या आतलं आपल्याला दिसत नाही रे.

ते लिहिलेलं आज काढून टाक. त्याने वाचलं असेल की नसेल, हा हिशेब करत बसू नकोस.

राष्ट्रीय विजेतेपदाचं प्लेऑफ यंदा पहिल्यांदाच 12 संघांचं आहे, आपण त्यात असूच. पहिल्या सामन्याला घरी ये, मिसळ पुन्हा करते, तर्री वेगळी ठेवीन. एकच अट. पहिल्या दोन ड्राइव्हना, म्हणजे आपल्या चढायांना, चेंडूकडे बघायचं नाही. डावीकडच्या टॅकलचे पाय बघायचे, आणि प्रत्येक प्लेनंतर मला सांगायचं, हॉवर्डला किती वेळ मिळाला.

तुझी,
काकू