छोट्या बेकरीनं पॉइंट कार्ड काढावं का? गिऱ्हाईक टिकतं तरी कशामुळे?

तुम्ही विचारलंय की मानेवाड्याला बेकरी टाकून वर्ष होत आलं, सुरुवातीची गर्दी ओसरली, आणि आता एक सॉफ्टवेअरवाला मागे लागलाय की वर्षाचे १२ हजार भरा, पॉइंट सिस्टीम लावून देतो, गिऱ्हाईक बांधलं जाईल, तर घ्यावी का. मी इथे नागपुरातच महाल भागात किराणा आणि त्याला लागूनच पिठाची चक्की चालवतो, वडिलांच्या मागे २००३ पासून गल्ल्यावर मीच बसतो, आणि ही पॉइंटची गोष्ट मी स्वतः करून पाहिली आहे. त्यामुळे लांबलं तरी सगळं सांगतो.

२०१७ ला मी असंच सॉफ्टवेअर घेतलं. १०० रुपयांच्या मालावर २ पॉइंट, १ पॉइंट म्हणजे १ रुपया, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर मेसेज जायचा, बिलावर खाली छापून यायचं. पहिले काही महिने लोक खुश, मी पण खुश. मग महालक्ष्म्या (गौरी) आल्या. दोन दिवस आधीची संध्याकाळ, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, कोणाला सोळा भाज्यांचा मसाला पाहिजे, कोणाची आंबिलीची ज्वारी पिसायची राहिलेली. त्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू आल्या, रिटायर्ड शिक्षिका, पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी पिशवीतून बिलांचा गठ्ठा काढला, रबर लावून ठेवलेला, आणि प्रत्येक बिलाच्या मागे पेनानं पॉइंटची बेरीज केलेली. म्हणाल्या, "३४० झालेत रे, यात पुरणाची डाळ आणि गूळ बसतो का बघ." पोरानं नंबर टाकला तर स्क्रीनवर शून्य. सहा महिन्यांत वापरले नाहीत की सगळे पॉइंट उडतात अशी सेटिंग होती, मला कोणी सांगितली नव्हती आणि मी विचारलीही नव्हती. मागे पंधरा लोक उभे. मी काहीतरी बोलणार तोवर त्याच म्हणाल्या, "राहू दे रे, नसतील तर नसतील." पर्समधून पैसे मोजून दिले, डाळ-गूळ घेतला आणि गेल्या. बिलांचा गठ्ठा काउंटरवरच राहिला, रबर बाजूला काढलेलं.

दिवाळीचा किराणा त्यांनी आमच्याकडून घेतला नाही. मी जेव्हा हिशेब काढला तेव्हा लक्षात आलं की असे कितीतरी लोकांचे पॉइंट उडालेले. आठ दिवस बसून वहीत सगळ्यांची नावं काढली, उडालेले पॉइंट पैशात मांडले, आणि ज्याचे त्याला त्या किमतीचा माल घरी नेऊन दिला. काकूंनी घेतलं, चहाही पाजला. पण तेव्हापासून त्या फक्त दळणाला येतात, किराणा दुसरीकडून भरतात. एवढं केल्यावरही.

तेव्हा मला जे कळलं तेच तुम्हाला सांगायचं आहे. पॉइंट म्हणजे आपण गिऱ्हाइकाकडून घेतलेली उधारी आहे. मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदातसुद्धा हे पॉइंट देणं म्हणूनच दाखवतात. गिऱ्हाइकाकडे आपले ३४० रुपये राहिले तर आपण वहीत लिहून ठेवतो, सहा महिन्यांनी विसरत नाही, मग त्याचे ३४० आपल्याकडे असताना ते तारीख संपली म्हणून कसे गिळायचे? कंपन्या हेच करतात, पॉइंट देतात, मग हळूच नियम बदलतात, पहिले १०० ला मिळायचं ते आता १५० ला, आणि माणसाला काहीच दिलं नसतं तर जेवढा राग आला नसता त्याच्या दुप्पट राग देऊन काढून घेतल्याचा येतो.

आता गिऱ्हाईक टिकतं कशामुळे. माझ्या चक्कीवर या कधी, मग समजेल. बाई डबा खाली ठेवायच्या आधी विचारते, "भाऊ, माह्या आधी कोणाचं होतं?" कारण आधी चणाडाळ दळली असेल आणि त्यावर लगेच हिचा गहू टाकला तर पहिल्या किलोभर कणकेत बेसन उतरतं, पोळी पिवळट होते आणि तुटते. मी बेसन, ज्वारी नि गहू यांच्या वेळा वेगळ्या ठेवल्यात, धान्य बदललं की मूठभर गहू घरचा टाकून पाळू (चक्कीचा दगड) साफ करून घेतो, आणि ते पीठ कोणाच्या डब्यात जात नाही. यात कुठलंही कार्ड नाही, पण सक्करदऱ्याहून दोन चक्क्या ओलांडून लोक डबे घेऊन येतात, कारण त्यांच्या डोक्यातली एक काळजी इथे आली की संपते. डीमार्टचंच पहा न, पॉइंट कार्ड नाही, तरी रविवारी रांगा, कारण लोकांना एक गोष्ट पक्की माहिती आहे की इथे रोजच भाव कमी असतो, कुठल्या दिवशी जायचं याचा विचार करावा लागत नाही. तुमच्या बेकरीत ती एक काळजी कोणती, हे आधी शोधा. पाव आजचा आहे की कालचा? सात वाजता आलो तर मिळेल की संपला असेल? केकवर नाव बरोबर लिहून येईल का? यातली एक जरी तुम्ही कायमची मिटवली तर अर्धं काम झालं.

आणि गिऱ्हाईक पूर्णपणे आपलंच राहील ही अपेक्षा सोडा. अँड्र्यू एहरेनबर्ग नावाच्या ब्रिटिश प्रोफेसरनं वर्षानुवर्षं लोकांच्या खरेदीचे आकडे तपासले, त्यात हेच दिसलं की बहुतेक लोक दोन-तीन ब्रँड आलटून पालटून घेतात, एकाच ब्रँडला पूर्ण चिकटून राहणारे थोडे, आणि छोट्या ब्रँडला गिऱ्हाईकही कमी असतं आणि ते येतंही जरा कमी वेळा. हे वाचल्यावर माझ्या जिवाला शांती मिळाली, नाहीतर कोणाच्या हातात दुसऱ्या दुकानाची पिशवी दिसली की मी रात्रभर विचार करायचो. महिन्यातून चार वेळा ब्रेड घेणारा माणूस तुमच्याकडे दोनदा येत असेल तर त्याला तीनदा आणणं, एवढंच कार्डाचं काम. रोज येणाऱ्याला कार्ड दिलं तर तो आलाच असता, तुमचा फक्त खर्च वाढतो. वर्षातून एकदा येणारा कार्ड हरवून टाकतो. कार्ड चालतं ते मधल्या माणसावर.

मग कार्ड काढायचंच नाही का? काढा, पण कागदाचं. मी पॉइंट बंद केल्यावर चक्कीसाठी शिक्क्याचं कार्ड काढलं आणि ते आजपर्यंत चालू आहे. यामागे एक छान प्रयोग आहे. अमेरिकेत न्यून्स आणि ड्रेझ या दोघांनी एका कार वॉशवर ३०० कार्डं वाटली, निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. अर्ध्या लोकांना ८ शिक्क्यांचं कोरं कार्ड, अर्ध्यांना १० शिक्क्यांचं पण २ आधीच मारलेले, म्हणजे दोघांनाही आठदाच यायचं होतं. कोरं कार्ड १९ टक्के लोकांनी पूर्ण केलं, दोन शिक्के मारलेलं ३४ टक्क्यांनी. काम सुरू झालेलं दिसलं की माणूस ते पुरं करतो, आणि शेवट जवळ आला की पाय अजून भरभर उचलतो, माझ्याकडे कार्डावर शिक्क्याचं एकच घर उरलेली बाई अर्धा डबा गहू असतानाच दळण घेऊन येते. म्हणून माझं कार्ड १२ घरांचं आहे, दोन शिक्के मारूनच देतो, दहा दळणं झाली की अकरावं फुकट, आणि फुकटचं दळण दिलं की त्याच वेळी हातात नवं कार्ड, दोन शिक्के मारलेलं. नाहीतर बक्षीस मिळालं की माणूस थांबतो, ती फट राहू द्यायची नाही.

फुकट काय द्यायचं यात मात्र डोकं लावा, बहुतेक लोक इथेच मार खातात. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये मैल जमवायची स्कीम काढली आणि ती एवढी चालली याचं कारण विमानातली रिकामी सीट. विमान उडणारच आहे, सीट रिकामी गेली तर शून्य, ती फुकट दिली तर कंपनीचा खर्च जवळपास नाही आणि प्रवाशाला हजारोंचं बक्षीस. वर तिकीट काढते ऑफिस आणि मैल जमतात माणसाच्या नावावर. किराण्यात अशी रिकामी सीट नसते हो, साखर-तेलात सुटतातच किती, त्यात २ टक्के पॉइंट दिले म्हणजे मी नफ्यातूनच कापून देत होतो. पण चक्कीला रिकामी सीट आहे! एप्रिल-मे मध्ये नागपूरचं ऊन ४५ वर गेलं की दुपारी १ ते ५ रस्त्यावर कुत्रं नसतं, माणूस पगारी बसलेला, मीटरचा फिक्स चार्ज चालूच. म्हणून फुकटचं दळण आम्ही दुपारी दळतो, डबा सकाळी ठेवा, संध्याकाळी न्या.

तुमचा हिशेब करून पहा. समजा ४० रुपयांचं पॅटिस आहे आणि त्याला माल लागतो १६ रुपयांचा. दहा विकल्यावर ४०० आले, अकरावं फुकट दिलं तर तुमचे गेले १६, म्हणजे ४ टक्के, आणि गिऱ्हाइकाला मिळाले ४० रुपये. तेच सरसकट १० टक्के सूट ठेवली असती तर ४० च्या ४० गेले असते, आणि सूट पुढच्या महिन्यात काढली की लोक म्हणणार महाग केलं. आणि तुमची रिकामी सीट म्हणजे भट्टी, संध्याकाळी जी वेळ मोकळी असते त्यात टोस्ट-खारी काढून तीच बक्षीस ठेवता आली तर अजून बरं. फक्त उरलेला, शिळा माल बक्षीस म्हणून कधीच देऊ नका, त्यापेक्षा कार्ड नसलेलं बरं.

१२ हजारांच्या सॉफ्टवेअरचा खरा फायदा सांगायचा तर तो माहितीचा आहे. ब्रिटनमध्ये टेस्कोनं १९९५ मध्ये क्लबकार्ड आणलं, त्यांना त्यातून कळलं की कोण काय घेतं आणि कधी घेतं, आणि कूपन त्या हिशेबानं जायला लागले. एवढ्या मोठ्या दुकानाला गिऱ्हाईक तोंडानं माहीत नसतं म्हणून कार्ड लागतं. तुमच्याकडे तर केकच्या ऑर्डरची वही आहे न? तीच नीट लिहा, कोणाचा वाढदिवस, तारीख, अंड्याचा की बिनअंड्याचा, नाव कसं लिहायचं, गेल्या वर्षी काय फ्लेवर, आणि पुढच्या वर्षी पाच दिवस आधी एक फोन. पण विचारून लिहा. मे २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना बजावलं आहे की बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका, त्याच वर्षी डेटा संरक्षणाचा कायदाही झाला, आणि कायदा सोडा, रोज मेसेज आले की आपल्यालाच कसं होतं ते आठवा. वाढदिवसाचा एक फोन पुरे.

अजून एक, बुधवार बाजारात भाजी घ्यायला गेलात की बाई तोलून झाल्यावर दोन मिरच्या आणि सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) चार काड्या वरून टाकते. मी पंधरा-वीस वर्षं एकाच बाईकडून भाजी घेतो आणि मला माहिती आहे की त्या सांबाराचा यात मोठा वाटा आहे. ते मागितलेलं नसतं, मोजलेलं नसतं, आणि ती माझ्याकडे बघून देते. तुमच्याकडे लहान पोरगं आईसोबत आलं तर एक नानकटाई त्याच्या हातात द्या, नियम करू नका, पाटी लावू नका. आणि कोणी पाव कडक निघाला म्हणून परत आणला तर वाद न घालता, बिल न मागता दुसरा द्या, त्या दिवशी तो माणूस दुकान सोडायचं की नाही हे ठरवूनच आलेला असतो.

म्हणून सॉफ्टवेअर या वर्षी घेऊ नका. त्या पैशातून ५०० कार्डं छापा, एक चांगला शिक्का करून घ्या ज्याची नक्कल स्टेशनरीच्या दुकानात मिळणार नाही, किती रुपयांच्या खरेदीला एक शिक्का ते कार्डावरच मोठ्या अक्षरात छापा, आणि मुदत अजिबात टाकू नका. कधी बंद करायची वेळ आली तर महिनाभर आधी काउंटरवर पाटी लावा. त्यानंतरही लोक येतात. माझं पहिल्या छपाईचं कार्ड निळं होतं, आता पिवळं आहे, गेल्या पोळ्याच्या आधी एक बाई ते निळं घेऊन आल्या, कपड्यांसोबत धुतलेलं, पार मऊ झालेलं, बारापैकी सात शिक्के कसेबसे दिसत होते. मी बाराही धरले आणि दळण करून दिलं.