‘वाद टाळला’ आणि गौतमाचा विक्षेप

एका वाचकाने विचारले आहे की, दूरचित्रवाणीवरील निवडणूक-वादाकडे उमेदवार फिरकत नाही, तेव्हा ‘त्याने वादाला बगल दिली’ असे लिहिणे शुद्ध आहे का, आणि ही ‘बगल’ आली कुठून. शुद्ध आहे. ‘बगल’ फारसीतून आली. मूळ अर्थ काख, त्यावरून बाजू, आणि समोरच्याला न भिडता बाजूने निघून जाणे म्हणजे बगल देणे. कोणताही बरा कोश एवढे सांगतो. मला खटकते ते निराळेच. परदेशी निवडणुकांच्या बातम्यांत ‘अमुक नेत्याने वाद टाळला’ हे वाक्य हटकून येते. मराठीत वाद टाळतो तो समंजस माणूस. सोसायटीच्या बैठकीत किंवा भावकीत वाद टाळणाऱ्याचे कौतुकच होते. 2017 साली ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी निवडणुकीत वाद टाळला असे वाचल्यावर, बाईंनी भांडण वाढू दिले नाही, असाच समज होतो. प्रत्यक्षात 31 मे रोजी केंब्रिजमध्ये झालेल्या बीबीसीच्या कार्यक्रमात इतर पक्षांचे नेते उभे होते आणि पंतप्रधानांच्या जागी गृहमंत्री अंबर रड उत्तरे देत होत्या.

वाद (सत्य शोधण्यासाठी), जल्प (जिंकण्यासाठी) आणि वितंडा (नुसते खंडन करण्यासाठी) यांतला फरक शाळकरी आहे, त्यात शिरत नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्क आणि वादविवादाच्या प्राचीन भारतीय शास्त्रात, या तिघांना मिळून ‘कथा’ (चर्चा) म्हणतात, एवढेच ध्यानात ठेवावे. त्या कथेत वादी कोणकोणत्या प्रकारे हरतो, याची या शास्त्राचा प्रवर्तक गौतम (बुद्ध नव्हे) याच्या न्यायसूत्राने बावीस निग्रहस्थानांची, म्हणजे पराभवाच्या जागांची, यादी केली आहे. उत्तर न सुचणे ही ‘अप्रतिभा’, प्रतिज्ञाच, म्हणजे आपण मांडलेला मुद्दाच, सोडून देणे हा ‘प्रतिज्ञासंन्यास’. आणि आपल्याला हवा असलेला, नेमका, तयार शब्द तेथेच पडून आहे: ‘कार्यव्यासङ्गात् कथाविच्छेदो विक्षेपः’. कामाचे निमित्त सांगून कथा मोडणे म्हणजे विक्षेप. भाष्यकार वात्स्यायनाने तर पळणाऱ्याच्या तोंडचे वाक्यही देऊन ठेवले आहे: मला अमुक एक काम करायचे आहे, ते उरकले की मग बोलेन. मे यांनी निवडणूक जाहीर होताच दिलेले कारण याच जातीचे होते. स्टुडिओत वाद घालण्यापेक्षा प्रत्यक्ष मतदारांना भेटणे आपल्याला पसंत आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

या सूत्रातला ‘व्यासंग’ मला सर्वांत प्रिय आहे. वि, आ आणि ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणे, यांपासून तो बनला. एखाद्या गोष्टीला चिकटून राहणे, तीत गुंतून जाणे, हा त्याचा अर्थ. मराठीने तो ग्रंथालयात नेऊन बसवला, त्यामुळे आपल्याकडे व्यासंगी म्हटले की जाड भिंगांचा चष्मा आणि टिपणांच्या वह्या डोळ्यांसमोर येतात. गौतमाच्या सभेत मात्र व्यासंग ही पळवाट होती. प्रचारसभा, दौरे आणि मतदारांच्या भेटीगाठी यांत गुंतल्यामुळे वादाला वेळ नाही असे सांगणारा उमेदवार मूळ अर्थाने अत्यंत व्यासंगी असतो, आणि त्याचे तसे वर्णन एखाद्या मराठी वार्ताहराने एकदा तरी करावे, अशी माझी जुनी इच्छा आहे.

यावर एक आक्षेप मी अपेक्षितच धरतो. विच्छेद व्हायला कथा आधी सुरू झालेली हवी, आणि जो आलाच नाही त्याने मोडले काय? आक्षेपात तथ्य आहे, पण तेवढ्यावर शब्द टाकून देणाऱ्यांनी उदाहरणे तपासलेली नसतात. सप्टेंबर 1960 मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांचा पहिला दूरचित्रवाणी-वाद झाला. त्यानंतर 1964 मध्ये आघाडीवर असलेले लिंडन जॉन्सन वादाला उभे राहिले नाहीत, 1968 आणि 1972 मध्ये स्वतः निक्सन राहिले नाहीत, आणि पुढचा वाद थेट 1976 मध्ये फोर्ड आणि कार्टर यांच्यात झाला. येथे कथा सुरूच झाली नाही, म्हणून विक्षेपही नाही. ‘आव्हान स्वीकारले नाही’ असे साधे लिहावे. 1980 मध्ये बाल्टिमोरच्या वादाला कार्टर गेले नाहीत, कारण तिसरे उमेदवार अँडरसन यांना तेथे बोलावले होते, हाही नकारच. परंतु 2020 चे प्रकरण पाहावे. वादांची मालिका सुरू झाली होती, पहिला वाद होऊन गेला होता, 15 ऑक्टोबरचा दुसरा ठरलेला होता. ट्रम्प यांना करोनाची लागण झाल्यावर आयोजक मंडळाने तो दूरस्थ पद्धतीने घ्यायचे ठरवले, आणि अशा वादात मी वेळ वाया घालवणार नाही, असे सांगून ट्रम्प बाजूला झाले. वाद रद्द झाला. चालू कथेचा हा विच्छेद आहे, आणि वेळेचे कारण हे कामाच्या कारणाचे सख्खे भावंड आहे.

बौद्ध आचार्य धर्मकीर्तीला ही यादीच मान्य नव्हती. ‘वादन्याया’त त्याने बावीस निग्रहस्थानांची छाटणी करून दोनच ठेवली: वादीने साधनाचे, म्हणजे आपला मुद्दा सिद्ध करण्याचे, अंग नसलेले काही बोलणे, आणि प्रतिवादीला खरा दोष दाखवता न येणे. काही अभ्यासकांना ही काटछाट फार सुबक वाटते. मला ती खोलीत बसून केलेली वाटते. धर्मकीर्तीला युक्तिवादातले दोष मोजायचे होते, गौतमाने मात्र माणसे पाहिली होती; सभेतून उठून जाणाऱ्याने युक्तिवादच केलेला नसतो, मग त्याला त्या दोन खणांपैकी कोणत्या खणात बसवायचे? 2019 मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने हवामानबदलावरच्या वादात तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि ब्रेक्झिट पक्षाचे नेते नायजेल फॅराज यांच्या रिकाम्या जागी बर्फाच्या वितळत्या आकृती ठेवल्या. तेथे अनुपस्थितीलाच दोष ठरवण्यात आले, आणि हे गौतमाच्या रीतीला धरून झाले.

गौतमाच्या यादीतही एक जागा मोकळी राहिली आहे, हे मान्य करायला हवे: आपल्या ऐवजी दुसऱ्याला पाठवणे बावीसांत कोठेच नाही. मे यांचे उदाहरण वर आलेच. मे 2024 मध्ये मदन लोकूर आणि ए. पी. शाह हे निवृत्त न्यायमूर्ती आणि संपादक एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर वादाचे निमंत्रण दिले. राहुल गांधींनी ते स्वीकारले, तर भाजपच्या युवा आघाडीने आपल्या एका उपाध्यक्षाचे नाव पुढे केले, आणि वाद झालाच नाही. अशा वेळी विक्षेप लिहू नये, ‘वाद टाळला’ तर मुळीच लिहू नये. ‘प्रतिनिधी पुढे केला’ असे लिहून त्या प्रतिनिधीचे पद सांगावे.