सोसायटीतल्या लहान मुलांना गोष्टी सांगायला सुरुवात केलीय, पण मुलं दोन मिनिटंही बसत नाहीत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की ३ ते ६ वर्षांची दहा-बारा मुलं आहेत, मधेमधे प्रश्न विचारले तरी ठरलेली दोघं-तिघंच बोलतात, बाकीची पळतात. मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दर रविवारी गोष्टी सांगते, पाच वर्षं झाली, सुरुवातीला अगदी हेच व्हायचं.

मला वाटतं गडबड त्या प्रश्नांतच आहे. "सांगा बरं पुढे काय झालं असेल?" म्हटलं की पोरांना ती शाळेतली तोंडी परीक्षा वाटते. त्यापेक्षा गोष्टीतलं कामच त्यांना देऊन टाका. आणि त्यासाठी नवीन काही शोधायला नको हो, आजीच्या गोष्टींमध्ये ती जागा आधीच ठेवलेली असते. चिऊकाऊची घ्या. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं, तो चिऊच्या दारात आला, की सगळ्यांनी जमिनीवर टकटक करायचं आणि ओरडायचं "चिऊताई चिऊताई दार उघड!" चिऊ म्हणते थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे, थांब, तीट लावू दे. तिसऱ्या "थांब"नंतर मी गप्प बसते, चांगले पाच-सहा सेकंद. ती शांतता आपल्याला मोठ्यांना सहन होत नाही, आपण लगेच काहीतरी बोलून टाकतो, तेवढं टाळा. एक चार वर्षांचा मुलगा महिनाभर आईच्या मांडीवरून हलला नव्हता, एकदा असंच मी थांबले तर हळूच म्हणाला, "थांब, माझ्या बाळाला वाफ देऊ दे." त्याच्या धाकट्या बहिणीला सर्दी झाली होती. तेव्हापासून आमच्या चिऊच्या बाळाला दर वेळी वाफ मिळते, मी विसरले तर पोरं मला पुढे जाऊच देत नाहीत.

तीच गोष्ट परत परत सांगायला अजिबात संकोच करू नका, पुढचं माहीत असतं म्हणूनच त्यांना त्यात घुसता येतं. म्हातारीच्या गोष्टीत "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक"ला सगळ्यांनी उभं राहून उड्या, आणि वाघ आला की एकदम खाली बसून चिडीचूप. उड्या मारायला गोष्टीतच मिळाल्या की पळापळ आपोआप कमी होते. वीस-पंचवीस मिनिटं पुरे, दोन गोष्टी खूप झाल्या.

शेवटी तात्पर्य मात्र विचारू नका प्लीज. गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं आणि तिथे गोष्टीला केवढं मोठं स्थान दिलं, पुढे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. म्हणजे बालशिक्षणात गोष्टीचा मान जुना आहे, तिला वर बोधाचं शेपूट लावायची गरज नाही.

आणि जो एखादा तरीही फिरतच राहतो त्याला ओढून बसवू नका. आमच्यातली एक मुलगी अजूनही पाण्याच्या टाकीभोवती गोल गोल फिरत असते, पण दार उघड म्हणायची वेळ आली की सगळ्यात मोठा आवाज टाकीमागून येतो.