आजी नाव विसरल्या म्हणून मैत्री खोटी होत नाही

कॅनडातल्या मिसिसागाच्या ताई, पत्रात चार प्रश्न विचारलेत, पण माझा जीव एकातच अडकलाय.

मुलगी 15 वर्षांची, नव्या शाळेत मैत्रीण नाही, डबा एकटीच खाते. तिथे शाळेच्या डिप्लोमाला 40 तास व्हॉलंटिअरिंग लागतं म्हणून वरच्या मजल्यावरच्या साताऱ्याच्या आजींकडे जायला लागली, तास कधीच भरले तरी रोज जाते. आजींना डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार आहे, त्या हिला कुसुम म्हणतात आणि ही ओ देते. तुम्ही लिहिलंय, "आजींना उद्या आठवणारसुद्धा नाही, मग उपयोग काय? शिवाय खोटं बोलायची सवय लागतेय."

अहो, उपयोग कसला बघताय! आपली पोरं म्हातारपण बघतात व्हिडिओ कॉलवर, आजोबांचं अर्धं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. तुमच्या पोरीला हात धरायला खरीखुरी आजी मिळालीय.

या आजारात कालचं आधी पुसलं जातं, लहानपणीचं बरंच टिकतं, मोठेपणी शिकलेली इंग्रजीसुद्धा बऱ्याचदा आधी जाते, मग दुपारी मराठीत गप्पा मारणारी पोरगी त्यांना किती हवीशी असेल! आणि भेट विसरली तरी बरं वाटलेलं मागे राहतं. माझ्या सासूबाई सांगलीला शेवटी शेवटी माझ्या मुलाला स्वतःचा धाकटा भाऊ समजायच्या. नणंद दर वेळी "अगं आई, नातू आहे तुझा" म्हणून दुरुस्त करायची आणि त्या कावऱ्याबावऱ्या होऊन रडायच्या. मुलगा मात्र पत्ते घेऊन बसायचा. सकाळी काय खाल्लं ते न आठवणारी बाई, पण पत्ते काय झरझर पिसायची, हुकूम शेवटपर्यंत दाबून ठेवायची आणि जिंकली की त्याच्या पाठीत धपाटा! तेव्हा तोही घुम्यासारखा असायचा, त्या सुट्टीत खदखदून हसायला लागला.

तेव्हा ओ देणं हे खोटं बोलणं नाही हो. "मला ओळखलंत का?" विचारू नकोस, "कुसुम लहानपणी काय करायची?" असं विचार, म्हणावं तिला.

थांबवू नका, तयार करा. आजार वाढतच जाणार, एखाद दिवशी आजी ओरडतील, हात झटकतील, तो राग तिच्यावर नसतो, हे आत्ताच जवळ बसवून सांगा. संध्याकाळी अशा माणसांची घालमेल वाढते, म्हणून शाळा सुटल्यावर लगेच जाऊ दे आणि अंधाराच्या आत घरी. तिथे मोठं माणूस हवंच. औषधं, बाथरूम, स्वयंपाक हे तिच्या गळ्यात नको. आजी बाहेर पडून दिसेनाशा झाल्या तर शोधाशोधीत वेळ घालवायचा नाही, लगेच 911 ला फोन.

बाकीचे तीन प्रश्न: तुमच्या सासूबाईंना सुपर व्हिसावर (मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांसाठीचा कॅनडाचा व्हिसा) एका खेपेला 5 वर्षं राहता येतं, मेडिकल इन्शुरन्स मात्र लागतो. गणिताला ट्यूशन लावा. मंडळातल्या भांडणात पडू नका.

आणि या रविवारी मोठ्या आकड्यांचा पत्त्यांचा कॅट घेऊन तुम्हीही वर जा, तुमची घुमी पोरगी तिथे किती बोलते ते बघा तरी.